प्राणी-प्रतिमान आणि औषधपरीक्षण : एक चिकित्सा

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंचे मायलिन आवरण नष्ट होते. १९३३ मध्ये थॉमस रिव्हर्स व सहकाऱ्यांनी माकडांत कृत्रिमरीत्या घडविलेल्या मेंदूदाहातून त्याचे प्राणी-प्रतिमान विकसित झाले. १९९२ मध्ये या प्रतिमानात यशस्वी ठरलेल्या तत्त्वावर आधारित नॅटालिझुमॅब हे औषध २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. याउलट, टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा अवरोध प्राण्यांत हितकारक दिसला; लेनरसेप्टच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र रुग्णांचा विकार अधिक वेळा उफाळला. प्रतिमान दाहाचे अनुकरण करते, समग्र विकाराचे नव्हे. प्राण्याचा पक्षाघात ओसरला एवढ्यावरून मायलिन पुन्हा निर्माण झाले असे मानणे युक्त नाही. त्यासाठी ऊतींची स्वतंत्र तपासणी आवश्यक ठरते. अन्यथा घाईच्या निष्कर्षाची किंमत रुग्णालाच मोजावी लागते.