गळा आणि उपजीविका : मुंबईच्या आंबेडकरी गायकांची वाटचाल

आंबेडकरी गीतपरंपरेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्याचा भर मुख्यत्वे गीतांच्या आशयावर राहिला आहे. कवीने कोणता विचार मांडला, त्यात विद्रोह किती आणि बुद्धविचार किती, याची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ते गीत ज्या गळ्यातून समाजापर्यंत पोहोचले, त्या गायकाच्या जीवनक्रमाचा विचार समीक्षेने क्वचितच केला आहे. गायक कोठून आला, कोणाच्या आश्रयाने गायला, त्याला काय मोबदला मिळाला आणि उतारवयात त्याचे काय झाले, हे प्रश्न चरित्रपर लेखांवर सोडून देण्यात आले. वस्तुतः या प्रश्नांचा गीताच्या स्वरूपाशी निकटचा संबंध आहे. मुंबई शहरापुरता तो येथे तपासावयाचा आहे.

या परंपरेचा आरंभ जलशात आहे. सत्यशोधक जलशाचा साचा घेऊन १९३० च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. जलसा हा व्यवसाय नव्हता. ते चळवळीचे काम होते. आपल्या दहा सभांची बरोबरी कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काढल्याचे सांगितले जाते. या गौरवाचा उल्लेख वारंवार होतो. मात्र जलसाकार पोट कशावर भरीत होते, हे त्यासोबत सांगितले जात नाही. त्यांचे पोट मुख्यतः मजुरीवर व लहानसहान नोकऱ्यांवर चालत होते. गाणे फुकट होते, कारण अन्नाची सोय अन्यत्र होती.

वामनदादा कर्डक यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा मुंबईत आले, गिरणीत राबले आणि प्रौढ वयात या शहरातच अक्षरे शिकले. १९४३ च्या सुमारास त्यांच्या गीतलेखनाला प्रारंभ झाला आणि २००४ साली निधन होईपर्यंत ते लिहीत व गात राहिले. गिरणी, चाळ आणि बाबासाहेबांच्या सभा या तिन्हींनी मिळून हा कवी घडविला. नायगाव, वरळी, डिलाईल रोड व शिवडी येथील बीडीडी चाळींनी गायकाला श्रोता दिला, कोरस दिला, ढोलकीवाला दिला. पाळी संपवून आलेला कामगार रात्री गात असे आणि सकाळी पुन्हा भोंग्याला हजर होत असे. या व्यवस्थेत गायकाला श्रोत्यांची मर्जी सांभाळण्याची सक्ती नव्हती, कारण त्याची भाकरी श्रोत्यांच्या हाती नव्हती.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कार्यक्रमांची संख्या वाढली. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन व ६ डिसेंबर या तिथींभोवती गायकांचे वर्ष आखले जाऊ लागले. याच काळात जलशाची जागा हळूहळू गायनपार्टीने घेतली आणि शहरातील कव्वालीचा ढंग भीमगीतात आला. दोन पार्ट्यांचा सामना लागे आणि सवालाला जवाब देताना गायकाच्या बुद्धिमत्तेचीही कसोटी लागत असे. हा बदल निव्वळ शैलीचा नव्हता. सामन्यात जो जिंकतो त्याला पुढची सुपारी मिळते. म्हणजेच गायक प्रथमच बाजाराच्या नियमाखाली आला. त्यातून गायकीला धार आली, हे मान्य केले पाहिजे. परंतु आशयापेक्षा टाळीकडे लक्ष वळण्याचा धोकाही तेथूनच सुरू झाला.

१९८२ च्या गिरणी संपाने या व्यवस्थेचा पायाच हादरविला. सुमारे अडीच लाख कामगार या संपात उतरले होते आणि त्यांतील असंख्य जण पुन्हा गिरणीत परतले नाहीत. जो गळा पगाराच्या आधाराने गात होता, त्याला आता गाण्यातूनच घर चालविणे भाग पडू लागले. नेमक्या याच दशकात ध्वनिफितींचा धंदा फोफावला. तबकडीच्या तुलनेने फीत अत्यंत स्वस्त होती आणि लहान कंपनीही ती काढू शकत होती. चैत्यभूमीच्या परिसरात ६ डिसेंबरला लागणाऱ्या दुकानांत पुस्तकांच्या बरोबरीने फितींचे ढीग दिसू लागले.

या संदर्भात प्रल्हाद शिंदे यांच्याविषयीचा जुना आक्षेप विचारात घेणे अगत्याचे आहे. मंगळवेढ्याकडून आलेला, कव्वालीच्या मंचावर तयार झालेला हा असामान्य गळा भीमगीतांसाठी जितका प्रसिद्ध झाला, तितकाच, किंबहुना अधिक, विठ्ठलभक्तीच्या गीतांसाठी. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातील गायकाने देवदेवतांची गाणी का गावीत, असे विचारले गेले. पुढे आनंद व मिलिंद शिंदे यांनी ‘पोपटा’च्या गाण्याने महाराष्ट्र दणाणून सोडला, तेव्हा हाच आक्षेप उथळपणाच्या नावाने पुन्हा मांडण्यात आला.

आक्षेप निराधार नाही, पण अपुरा आहे. आपल्या समाजाचे कार्यक्रम प्रामुख्याने वर्षातील काही तिथींना होतात. उरलेल्या महिन्यांत गायकाने काय करावे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी दिलेले नाही. भक्तिगीतांची बाजारपेठ बारमाही होती आणि तिने या गळ्याला काम दिले. समाजाने मान दिला, बाजाराने रोजगार दिला. आणि मग बाजारात गेल्याबद्दल गायकाला दोष दिला गेला. हा न्याय एकतर्फी आहे.

पालि साहित्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आढळतात. संयुत्तनिकायातील गामणि-संयुत्तात तालपुट नावाचा नटांचा प्रमुख तथागतांना आपल्या व्यवसायाच्या गतीविषयी विचारतो. तथागत दोनदा उत्तर टाळतात आणि तिसऱ्यांदा सांगतात की, श्रोत्यांतील राग, द्वेष व मोह वाढविणारी कला कल्याणकारी नाही. याउलट दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात पञ्चसिख गंधर्व वीणेवर गातो, त्या गीतात प्रणयाचाही भाग आहे, आणि तरीही वीणेचा स्वर व गायन परस्परांशी किती जुळले आहेत, याची तथागत प्रशंसा करतात. उपोसथाच्या अष्टशीलात नृत्य-गीत-वादन वर्ज्य असले, तरी ते व्रत आहे. गृहस्थ कलावंताच्या उपजीविकेवरील तो सरसकट निषेध नव्हे. तालपुटसुत्ताची कसोटी गीताच्या परिणामाला लावलेली आहे, नामनिर्देशाला नव्हे. ती लावली, तर विठ्ठलाचे सात्त्विक गीत आणि नायकाच्या नावाने केवळ उन्माद चढविणारे गीत यांत कोणते अधिक आक्षेपार्ह, याचा आपल्याला नव्याने विचार करावा लागेल.

सम्यक आजीव हे अष्टांगिक मार्गाचे अंग आहे. ते केवळ गायकाला लागू होत नाही. गायकाच्या श्रमावर ज्यांचा धंदा चालतो त्यांनाही लागू होते. फितींच्या काळात गायकाला एकरकमी पैसे देऊन गाणे कायमचे विकत घेण्याची पद्धत सर्रास होती. कवीची स्थिती त्याहून बिकट होती. मौखिक परंपरेत शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा हाच कवीचा हक्कलेख असे. ‘वामन’ हे नाव गीतात गुंफलेले असल्यामुळे वामनदादांच्या रचना ओळखता तरी येतात. ते कडवे गाळले की गीत निनावी होते आणि मग ‘पारंपरिक’ ठरते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात १९९४ साली कलावंताच्या सादरीकरणाच्या हक्काला स्थान मिळाले आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार व गायक यांचे स्वामित्वधनावरील हक्क बळकट केले. परंतु जयंतीच्या मंचावर गाणाऱ्या गायकाकडे लेखी करारच नसेल, तर हा कायदा त्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणे दुरापास्त आहे.

बाजाराचा मार्ग सर्वांनीच स्वीकारला असे नाही. विलास घोगरे डाव्या सांस्कृतिक चळवळीतून गायले. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेल्यानंतर, १५ जुलैला त्यांनी स्वतःचे जीवन संपविले. आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाने ही शोकांतिका जगासमोर आणली. ज्या गायकाने सर्वांचे दुःख गायले, त्याच्या एकाकीपणाचा भार घेणारी एकही संस्था नव्हती, हे त्यातील कटू सत्य होय. विठ्ठल उमपांची वाट वेगळी ठरली. भीमगीतापासून ‘जांभूळ आख्याना’पर्यंत त्यांनी लोककलेचा विस्तृत पट हाताळला व नाट्यगृहातील मध्यमवर्गीय श्रोता मिळविला. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच त्यांचा अंत झाला. गायकाच्या निष्ठेचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आज फीत गेली आणि भ्रमणध्वनी आला. शिंदे घराण्याची तिसरी पिढी चित्रपट व दूरचित्रवाणीत प्रस्थापित झाली आहे. दुसरीकडे, औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) कडुबाई खरात एकतारीवर गाताना भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचल्या. कंपनीची मध्यस्थी टळली, हा मोठाच बदल होय. तथापि कीर्ती आणि प्राप्ती यांतील अंतर अजून मिटलेले नाही, आणि गायिकांच्या वाट्याला हे अंतर नेहमीच अधिक आले आहे.

निष्कर्ष असा की, गायकाच्या नीतीची चिकित्सा करण्यापूर्वी त्याला पोसणाऱ्या व्यवस्थेची चिकित्सा झाली पाहिजे. विहारे, जयंती समित्या व अभ्याससंस्था यांना काही गोष्टी सहज करता येतील : कार्यक्रमपत्रिकेवर गायकासोबत कवीचे नाव छापणे, बिदागी लेखी ठरविणे, वृद्ध गायकांच्या वह्या व ध्वनिमुद्रणे जतन करणे, आणि तिथींपलीकडे वर्षभर गाण्याला जागा देणे. धम्माचा विचार ज्यांच्या गळ्यातून निरक्षरांच्या झोपडीपर्यंत गेला, त्यांना हे देणे दान नव्हे. ते समाजाकडे थकलेले ऋण आहे.