धारावी किल्ल्याजवळील कुऱ्हाड : एका निर्णयाची तपासणी

उत्तनकडील धारावी किल्ल्याच्या उतारावर सांपडलेली एक लोखंडी कुऱ्हाड मिरा-भाईंदर येथील एका संग्राहकांनीं आम्हांस दाखविली. सोबतच्या टिपणांत त्यांनीं ती इ. स. १७३७-३९ च्या वसईच्या मोहिमेंतील मराठी शिपायाचा परशु ठरविली आहे. हा निर्णय आम्हांस मान्य नाहीं.

टिपणाचा सारा भर अमरकोशावर आहे. तेथें कुठार, स्वधिति, परशु व परश्वध हे शब्द पर्याय म्हणून एकत्र दिले आहेत हें खरें. परंतु कोशावरून शब्दाचा अर्थ कळतो, हातांतील वस्तूचा उपयोग कळत नाहीं. मराठींतच कुऱ्हाड, फरशी व वाकस यांत भेद केला जातो, तो टिपणकारांनीं विचारांत घेतलेला नाहीं.

आतां वस्तूच पहावी. लढाईच्या फरशीचें पातें पातळ व हलकें असतें, कारण ती वारंवार फिरवावयाची असते. हें पातें जाड व जड आहे. धार एकाच अंगास उतरती केली असून दुसरें अंग सपाट आहे. असें पातें लांकूड फोडण्यास नव्हे, तर ओंडक्याची बाजू तासण्यास लागतें. नेढेंही किंचित् कललेलें आहे, तें तासतांना बोटें लांकडावर घासूं नयेत म्हणून. माथा ठोकून ठोकून पसरला आहे. पाचरी मारण्याकडे त्याचा उपयोग झाला असावा. शिपायाच्या शस्त्राचा माथा असा कां व्हावा?

आमच्या मतें ही सुताराची, बहुधा गलबतें बांधणाराची, कुऱ्हाड होय. पोर्तुगीज अमलांत वसईस जहाजें बांधलीं जात, आणि पुढेंही या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या होड्या लांकडीच होत्या. मात्र काल ठरविणें अवघड. इ. स. १८६४ मध्यें वसईच्या खाडीवरून रेल्वे मुंबईस पोंचली. त्या कामाबरोबर आलेलें विलायती हत्यार म्हणूनही हिचा विचार केला पाहिजे. कारखान्याचा ठसा किंवा नेढ्यांतील दांड्याचें लांकूड यांवरून हा प्रश्न सुटता. पण संग्राहकांनीं कुऱ्हाड कानसेनें घासून लख्ख केली, आणि नेढ्यांतील कुजका तुकडा कचरा समजून फेकून दिला! तो बाभळीचा होता कीं परदेशी लांकडाचा, हें सूक्ष्मदर्शकाखालीं कळलें असतें. आतां ठसा दिसत नाहीं, यावरून तो नव्हताच असेंही म्हणतां येत नाहीं.

तरी संग्रहांतील पाटी बदलून ‘तासण्याची कुऱ्हाड, काल अनिश्चित’ अशी करावी, आणि सांपडल्याची नेमकी जागा नकाशावर नोंदून ठेवावी.