खोक्यावरचे आकडे आणि कानावरचा स्वर

संगणकावर साठवलेले किंवा इंटरनेटवरून आलेले संगीत घरी नीट ऐकता यावे, म्हणून साधने घ्यायला निघालेल्या माणसाला प्रथम भेटतात ते आकडे. एका खोक्यावर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यावर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’. आकडा जितका मोठा तितके साधन चांगले, असा समज दुकानदार करून देतो आणि आपणही तो करून घेतो. वस्तुतः यांतले बहुतेक आकडे शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे तपासता येतात. विज्ञान शिकवणारी आणि शिकणारी मंडळीही ते तपासत नाहीत, ही आमची मुख्य तक्रार आहे.

वॅटचा हिशेब

पीएमपीओ म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’. हे माप कसे घ्यायचे याचे सर्वमान्य प्रमाण नाही. त्यामुळे उत्पादक वाटेल तो आकडा छापू शकतो. त्याऐवजी साधनाचा अ‍ॅडॉप्टर पाहावा. त्यावर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिले असेल, तर आत येणारी शक्ती १२ × १ = १२ वॅट. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम खोक्यावरच्या छपाईने बदलत नाही, तेव्हा सतत बाहेर पडणारी शक्ती १२ वॅटपेक्षा कमीच असणार. संगणकाच्या साध्या यूएसबी २.० जोडणीवर चालणाऱ्या स्पीकरला तर ५ व्होल्ट आणि जास्तीत जास्त अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच मिळतात.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट केली की ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला साधारण दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून २० आणि ३० वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरमधील फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा स्पीकरची संवेदनशीलता पाहावी. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर एक स्पीकर ८५ डेसिबल आणि दुसरा ८८ डेसिबल देत असेल, तर दुसरा निम्म्या वॅटमध्ये तेवढेच काम करतो.

नमुन्यांचा जिना

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली. तिच्यात ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते आणि प्रत्येक नोंद १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक असते. जाहिरातींत याचे चित्र जिन्यासारखे काढतात आणि नोंदी वाढवल्या की जिना गुळगुळीत होतो असे दाखवतात. हे चित्र दिशाभूल करणारे आहे. नायक्विस्ट व शॅनन यांच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धान्त असे सांगतो, की लहरीतील सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने नोंदी घेतल्या, तर त्यांवरून मूळ लहर पूर्णपणे परत मिळवता येते. अंकांचे पुन्हा विद्युत लहरीत रूपांतर करणाऱ्या साधनातून, म्हणजे डॅकमधून, जिना बाहेर पडत नाही. त्यातील गाळणीमुळे सलग लहरच बाहेर पडते. ४४.१ किलोहर्ट्झची मर्यादा सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंत पोचते. तरुण, निरोगी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असते आणि वयाबरोबर ती खाली येते.

बिटांचेही तसेच. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. रात्रीच्या शांत खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्यावर ९६ डेसिबल चढवले तर कान दुखू लागतील. ध्वनिमुद्रण करताना २४ बिटांचा खरा उपयोग होतो, कारण तेथे पुढील संस्कारांसाठी जागा राखावी लागते. ऐकताना तशी गरज नसते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या १९२ किलोहर्ट्झच्या फायलीत घातल्या, तरी मूळ तबकडीत जे मुद्रित झाले नाही ते त्यात येणार नाही. सुईची खरखर मात्र अधिक निष्ठेने येईल.

ऐकणाऱ्यांची परीक्षा

‘पण आम्हाला फरक ऐकू येतो,’ असे अनेक रसिक सांगतात. त्यांचा प्रामाणिकपणा आम्ही नाकारत नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. दोन साधनांपैकी एकाचा आवाज अर्ध्या डेसिबलने जरी मोठा असला, तरी तेच साधन ‘अधिक स्पष्ट’ वाटू शकते. किंमत ठाऊक असेल तर अपेक्षेचा परिणाम होतो तो वेगळाच. म्हणून आवाज मोजून सारखा करणे आणि कोणते साधन चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगणे, या दोन अटी आवश्यक ठरतात. मेयर आणि मोरान यांनी अशा अटी पाळून केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. उच्च क्षमतेचे मुद्रण आणि तेच सीडीच्या दर्जावर उतरवलेले मुद्रण यांतील फरक ओळखण्याच्या ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही एवढेच यश मिळाले असते. दुसरी बाजूही सांगायला हवी. जोशुआ रीस यांनी २०१६ साली १८ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ५२ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने दखलपात्र आहे. पण घरची साधने निवडताना तो निर्णायक मानावा इतका मोठा नाही.

खरा फरक कोठे पडतो?

‘सगळे सारखेच, मग काहीही घ्या,’ हा निष्कर्षही आम्हाला मान्य नाही. स्पीकर आणि खोली यांमुळे पडणारा फरक कोणालाही ऐकू येतो. गायकाचा षड्ज काळी एक असेल, तर त्याची वारंवारता सुमारे १३९ हर्ट्झ आणि तानपुऱ्याच्या खर्जाची त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झ. दोन इंची पडद्याचा छोटा स्पीकर इतका खालचा स्वर जेमतेमच हलवू शकतो. तरीही खर्ज ओळखू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून मेंदू मूळ स्वर जुळवून घेतो. स्वर कळतो, पण त्याचा भरीवपणा हरवतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याचीही तीच गत होते.

खोलीचा विचार तर फारच थोडे लोक करतात. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरला, तर ८५ हर्ट्झच्या लहरीची लांबी ४ मीटर येते. चार मीटर लांबीच्या खोलीत या स्वराचा स्थिर तरंग तयार होतो. दोन्ही टोकांच्या भिंतींशी आणि मधोमध तो घुमतो, तर भिंतींपासून एक मीटरवर फिका पडतो. तेथे खुर्ची असली तर महागड्या डॅकनेही तो स्वर परत येणार नाही. खुर्ची दोन हात सरकवली की येईल.

तेव्हा खर्चाचा क्रम आमच्या मते असा असावा. सर्वांत मोठा वाटा स्पीकरचा, शक्यतो आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या आणि निदान पाच इंची पडद्याच्या जोडीचा. ते कानाच्या उंचीवर, कोपऱ्यापासून दूर, श्रोत्याशी समभुज त्रिकोण होईल असे ठेवावेत. वेगळा डॅक संगणकातून खरखर किंवा गुणगुण येत असेल तरच घ्यावा. त्याआधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. कित्येकदा दोष तेथेच सापडतो. अ‍ॅम्प्लिफायर वेगळा असेल तर स्पीकरला घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरते. तीन मीटरच्या जाण्यायेण्यात तिचा रोध ०.०७ ओहम भरतो, स्पीकरच्या ८ ओहमपुढे तो एक टक्काही नाही.

वर्गात यातील एक प्रयोग सहज करता येईल. संगणकावर ३४० हर्ट्झचा शुद्ध स्वर तयार करून स्पीकर दोन-तीन मीटरवरून भिंतीकडे तोंड करून ठेवावा. विद्यार्थ्याने एक कान बंद करून, दुसरा कान भिंतीपासून हळूहळू दूर न्यावा. सुमारे २५ सेंटिमीटरवर स्वर मंद होईल, ५० वर पुन्हा वाढेल, ७५ वर पुन्हा मंद होईल. ही अंतरे मोजून तरंगलांबी काढता येते आणि तिच्यावरून ध्वनीचा वेगही. असा प्रयोग केलेला विद्यार्थी पुढे खोक्यावरचा आकडा वाचताना हा आकडा कशाचा, असे नक्कीच विचारील.