हरिभाऊंची सवड आणि हरिभाऊंची कादंबरी

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या कादंबऱ्यांवर दोन आक्षेप परंपरेने घेतले जातात. एक पाल्हाळाचा व दुसरा अपूर्णतेचा. ह्या दोन्ही दोषांचे जे कारण सांगितले जाते, तेही आता परंपरागत होऊन बसले आहे. हरिभाऊंस सवड नव्हती, असे ते कारण. ते सहानुभूतीने सांगितले जाते, आणि म्हणूनच बहुधा कोणी ते तपासून पाहत नाही. प्रस्तुत लेखात ते तपासण्याचा अल्प प्रयत्न आहे.

सवड नव्हती हे विधान वस्तुस्थिती म्हणून खोटे नाही. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या आनंदाश्रमाची व्यवस्था हरिभाऊंकडे होती. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचे ते काम नित्याचे व दक्षतेचे होते. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालविले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. १९१२ च्या अकोला येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाची विल्सन व्याख्याने त्यांनी मराठी भाषेवर दिली. इतकी कामे अंगावर घेणाऱ्या माणसास कादंबरीसाठी निवांतपणा लाभला नसणार, हे उघड आहे.

परंतु एखादी गोष्ट खरी असणे आणि ती दुसऱ्या गोष्टीचे कारण असणे, यांत अंतर आहे. सवडीचा अभाव हेच दोषांचे मूळ असते, तर ज्या काळात कामाचा रेटा अधिक, त्या काळातील कृती अधिक सदोष निघावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात काय दिसते? 'पण लक्षात कोण घेतो!' (१८९०–९३), 'मी' (१८९३–९५) आणि 'उषःकाल' (१८९५–९७) ह्या तीन कादंबऱ्या एकापाठोपाठ एक 'करमणुकी'तून प्रसिद्ध झाल्या. नवे साप्ताहिक उभे करण्याचा, अंकामागून अंक भरून काढण्याचा हाच काळ. तरीही हरिभाऊंचे स्थान ज्या कृतींवर मुख्यतः उभे आहे त्या ह्याच, आणि तिन्ही पूर्ण आहेत. उलट 'गणपतराव' ही आरंभकाळातील कादंबरी अपुरी राहिली, 'आजच' अपुरी राहिली आणि उत्तरायुष्यातील 'कर्मयोग'ही अपुरीच राहिली. मात्र त्याच उत्तरायुष्यात विजयनगरच्या नाशावरील 'वज्राघात' त्यांनी शेवटास नेली. माणूस तोच, व्यापही तेच, आणि तरी एक कृती तडीस जाते, दुसरी मध्येच थांबते. एवढ्यावरून केवळ सवडीच्या हिशेबाने हा प्रश्न सुटत नाही, असे म्हणावयास हरकत नसावी.

येथे एका इंग्रज कादंबरीकाराचे उदाहरण उपयोगी पडेल. अँथनी ट्रॉलप हा १८३४ पासून १८६७ पर्यंत टपालखात्यात नोकरीस होता आणि तरीही त्याने एकूण सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने आपली रीत सांगितली आहे. पहाटे साडेपाचला मेजाशी बसावयाचे, समोर घड्याळ ठेवावयाचे आणि दर पाव तासास अडीचशे शब्द ह्या गतीने लिहावयाचे. आगगाडीतही त्याचे लेखन चाले. ही कबुली वाचून अनेकांचे मन त्याच्याविषयी कलुषित झाले. प्रतिभेने घड्याळाकडे पाहावे, हे त्यांस रुचले नाही. परंतु त्याच आत्मचरित्रातील दुसरी एक गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. कादंबरीचा शेवट लिहून झाल्याखेरीज तिचा आरंभ छापावयास देऊ नये, असा ट्रॉलपचा नियम होता. आरंभ शेवटाशी जुळवून घेण्याचा अधिकार लेखकाने हातचा घालवू नये, ही त्यामागील भूमिका. 'फ्रॅम्ली पार्सनेज' ही कादंबरी १८६० मध्ये 'कॉर्नहिल' मासिकात सुरू झाली, तेव्हा त्याला हा नियम मोडावा लागला, आणि ही गोष्ट त्याने मुद्दाम नोंदवून ठेवली आहे.

ह्या तुलनेतून हरिभाऊंच्या अडचणीचे खरे स्वरूप कळते. वेळ दोघांसही थोडाच होता. भेद आहे तो लेखनाचा काळ व मुद्रणाचा काळ यांच्या संबंधात. ट्रॉलपने हे दोन काळ एकमेकांपासून शक्यतो दूर ठेवले. हरिभाऊंच्या बाबतीत ते एकमेकांस येऊन भिडले होते. संपादक तेच आणि कादंबरीकारही तेच. छपाईस गेलेले प्रकरण परत घेता येत नाही, आणि पुढच्या अंकाची जागा तर वाट पाहत असते. म्हणून प्रश्न 'किती वेळ मिळाला' असा नसून, 'मागे वळण्याची मुभा होती की नाही' असा आहे.

ही मुभा नसताना कोणती कादंबरी तगेल? जिचा शेवट लेखकास आरंभापासूनच ठाऊक आहे, ती. असा शेवट दोन मार्गांनी हाती येतो. पहिला मार्ग इतिहासाचा. १५६५ च्या लढाईत विजयनगरचा पराभव झाला, हे 'वज्राघात'च्या पहिल्या ओळीपूर्वीच ठरलेले आहे. मधल्या प्रकरणांत कल्पना कितीही स्वैर धावली, तरी तिला परतण्याचे ठिकाण निश्चित आहे. दुसरा मार्ग आत्मकथनाचा. 'पण लक्षात कोण घेतो!'मधील यमू आपली कहाणी सांगावयास बसते, तेव्हा तिचे बालपण, सासर, मुंबईतील सुखाचे दिवस, वैधव्य व सक्तीचे केशवपन हे सारे घडून गेलेले आहे. लेखक आठवड्याआठवड्याने पुढे जातो. निवेदिका मात्र शेवटाशी उभी राहून मागे पाहत असते. 'मी'मधील भावानंदांच्या आत्मकथनासही हेच लागू आहे. ट्रॉलपने जो अधिकार नियमाने राखला, तो हरिभाऊंनी येथे निवेदनाच्या रीतीने मिळविला.

'गणपतराव' आणि 'कर्मयोग' यांची स्थिती निराळी आहे. त्यांत ध्येयवादी तरुणाच्या धडपडीचे चित्रण आहे, आणि त्या धडपडीचे पुढे काय होणार हे त्या समाजासच अद्याप ठाऊक नव्हते. हरिभाऊंची भूमिका वास्तवाची. न घडलेले भविष्य घडले असे दाखविणे त्यांच्या प्रकृतीस मानवणारे नव्हते. तेव्हा ह्या कादंबऱ्या थांबल्या त्या लेखकाची लेखणी थकली म्हणून की त्यांच्या विषयालाच पुढची वाट सापडली नाही म्हणून, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. अर्थात् हा नियम नव्हे. 'सूर्यग्रहण' ऐतिहासिक असूनही अपुरी आहे आणि तिथे व्यापांचे कारण कदाचित् पुरेसे ठरेल. सर्व अपूर्णतांना एकच कारण चिकटवू नये, एवढाच येथे आग्रह आहे.

पाल्हाळाचा विचारही ह्याच दृष्टीने व्हावा. साप्ताहिकाचा वाचक मागील प्रकरण आठ दिवसांपूर्वी वाचून विसरलेला असतो. त्याला धागा पुन्हा हाती द्यावा लागतो, आणि प्रत्येक प्रकरणास स्वतःचे असे काही वजन असावे लागते. हेच लेखन ग्रंथरूपाने सलग वाचले की पुनरुक्ती खुपू लागते. यमूच्या तोंडी मात्र ती खुपत नाही, ह्याचे कारण पाहण्यासारखे आहे. माजघरातील बोलणे असेच चालते. ते मागचे उगाळते, आडवळणाने जाते, 'सांगायचे राहिलेच' म्हणून परतते. साप्ताहिकाने लादलेली गती आणि त्या स्त्रीच्या बोलण्याची गती येथे एकरूप झाल्या आहेत. जेथे निवेदक स्वतः लेखक आहे, तेथे हा मेळ बसत नाही आणि तेच लांबण दोष म्हणून उघडे पडते. म्हणजे पाल्हाळ हा सरसकट दोष नाही, सरसकट क्षम्यही नाही. तो कोणाच्या मुखातून येतो ह्यावर त्याचे मोल ठरते.

हा विचार अभ्यासकांवर एक काम सोपवितो. हरिभाऊंच्या कादंबऱ्या आपण ग्रंथरूपातच वाचतो आणि ग्रंथ म्हणूनच त्यांचा न्याय करतो. 'करमणुकी'चे अंक समोर ठेवून प्रकरण कोठे तुटते, पुढील अंकात कसे सांधते, ग्रंथ करताना काय बदलते, हे पाहिल्यावाचून रचनेविषयी अंतिम मत देणे घाईचे होईल.

'हरिभाऊंस सवड मिळाली असती तर' हे वाक्य टीकाकारास फार सोयीचे आहे. त्यात लेखकाचा गौरव होतो आणि कृतीचे परीक्षण टळते. परंतु न मिळालेल्या सवडीत लिहिल्या न गेलेल्या कादंबऱ्यांचे मूल्यमापन करता येत नाही. ज्या लिहिल्या गेल्या, त्या अंकाच्या तगाद्यात लिहिल्या गेल्या, आणि त्यांतील सर्वश्रेष्ठ कृतीने त्या तगाद्यातूनच आपले रूप घेतले. टीकेचा आरंभ येथून व्हावयास हवा.