टोमॅटोवरचा दिवा

उपनगरातील सुपरमार्केटची सजावट निव्वळ शोभेसाठी नसते. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ हे दुकान उघडले. तेथे गिऱ्हाइकाने माल स्वतः उचलायचा; पण वाट एकच, सगळ्या फळ्यांसमोरून जाणारी! माल खपवण्याचे काम मांडणी करू लागली. पुढे दिवेही त्यात सामील झाले. वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावरही अवलंबून असतो. म्हणून लालसर प्रकाशात फिकट टोमॅटोही पिकलेला भासतो. निवड गिऱ्हाइकावर सोपवायची आणि पारखण्याचा उजेड मात्र बदलायचा, हा अशा सजावटीचा खरा दोष. विजेरीवर लाल जिलेटीन कागद लावून विद्यार्थ्यांना अंधाऱ्या खोलीत एक पिकलेला व एक अर्धवट पिकलेला टोमॅटो ओळखायला सांगा. मग तेच दोन्ही उन्हात नेऊन पाहू द्या.