‘अस्तु’ म्हणण्यापूर्वी

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा मराठी चित्रपट २०१३ मध्ये तयार झाला आणि २०१६ मध्ये चित्रपटगृहांत आला. २०१३ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत भावे यांचा संवादलेखनासाठी आणि अमृता सुभाष यांचा सहायक अभिनेत्री म्हणून गौरव झाला. कलाकृती म्हणून या चित्रपटाची वाखाणणी पुष्कळ झाली आहे. आम्ही येथे त्याच्याकडे विज्ञान शिकवणाऱ्यांच्या नजरेने पाहणार आहोत. मेंदूच्या विकाराविषयी तो काय शिकवतो आणि काय शिकवायचे आपल्यावर सोडतो, एवढाच आमचा प्रश्न आहे.

कथा साधी आहे. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमरचा विकार जडला आहे. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून क्षणभर दूर जाते. रस्त्यावरून हत्ती जाताना दिसतो आणि शास्त्री लहान मुलासारखे त्याच्या मागे चालू लागतात. इकडे घरच्यांची शोधाशोध सुरू होते. तिकडे माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला आईच्या मायेने सांभाळते. शास्त्रींचे काम करणारे मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि ते पडद्यावर जाणवते.

प्रथम चित्रपटाचे बलस्थान पाहू. स्मृती म्हणजे एकच पेटी आणि ती चोरीला गेली की सारे गेले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात स्मृतीचे प्रकार अनेक आहेत आणि ते मेंदूच्या वेगवेगळ्या भागांवर अवलंबून असतात. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा लवकर बाधित होतो. त्यामुळे आज सकाळी घडलेले टिकत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वी पाठ केलेले वचन ओठांवर येते. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणाच्या अपस्मारावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढण्यात आला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. मात्र आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचे कौशल्य तो रोजच्या सरावाने शिकला. आपण ते पूर्वी केले आहे, हे मात्र त्याला आठवत नसे! शास्त्रींचे विद्वत्तेचे तुकडे शाबूत असणे आणि लेकीची ओळख हरवणे यांत विसंगती नाही, हे या प्रयोगाच्या आधारे वर्गात उत्तम समजावता येईल.

चन्नम्माचे प्रसंगही असेच बोलके आहेत. शब्द कळेनासे झाले तरी आवाजातला ओलावा आणि हाताचा स्पर्श कळतो, हे ती कोणत्याही पुस्तकाविना जाणते. इचलकरंजीत मराठी आणि कानडी एकाच गल्लीत नांदतात, त्यामुळे तिची बोली आम्हाला परकी वाटत नाही. रुग्णाशी वाद न घालता त्याच्या कलाने घेणे, हा शुश्रूषेचा पहिला धडा ती देते.

आता आमचा आक्षेप. ‘अस्तु’ म्हणजे ‘तसे असो’. आजाराचा स्वीकार हा चित्रपटाचा गाभा आहे. निदान पक्के झाल्यावर हा स्वीकार फार मोलाचा ठरतो. पण निदानापर्यंतची वाट हा चित्रपटाचा मुख्य विषय नाही. आपल्या समाजात तर ‘अस्तु’ निदानाच्या आधीच म्हटले जाते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याचेच रूप. म्हातारा विसरतो, चिडतो, वाट चुकतो. वयच आहे, चालायचेच! या ‘चालायचेच’पायी बरे होऊ शकणारे आजारही राहून जातात.

वृद्धांमधील प्रत्येक विस्मरण अल्झायमरचे नसते. थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडणे, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, तीव्र नैराश्य, काही औषधांचा परिणाम यांनीही बुद्धी मंदावते. दुसरे कारण म्हणजे डोक्याला लागलेला किरकोळ मार. वयाबरोबर मेंदू थोडा आक्रसतो आणि त्याच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात पाय घसरून डोके आपटले की एखादी शीर फाटते. रक्त हळूहळू साचत राहते. काही आठवड्यांनी माणूस सुस्त आणि गोंधळलेला दिसू लागतो, तोवर घरचे ते पडणे विसरलेले असतात. कवटीला लहानसे छिद्र पाडून हे रक्त काढले, तर अनेक रुग्ण पुन्हा सुधारतात.

तिसरे कारण मेंदूतील गाठ. मेंदूच्या आवरणातून निघणाऱ्या मेनिंजिओमा या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात आणि सावकाश वाढतात. अशी गाठ कपाळामागील भागावर दाब देऊ लागली, तर हातपाय ठीक चालतात, पण स्वभाव पालटतो. उत्साह जातो, तारतम्य सुटते. ही लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर सहज जमा होतात. १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर लंडनमध्ये ज्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले, त्या स्त्रीला याच भागात गाठ असल्याचा संशय होता. चित्रात ती स्पष्ट दिसली. कवटी न उघडता आत पाहण्याची ही सोय झाल्यावर तरी ‘वयच आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

आमचा दुसरा मुद्दा नायकाच्या निवडीचा. विद्वानाची स्मृती गेली की ते सर्वांना चटकन जाणवते. पण उभी हयात यंत्रमागावर काढलेल्या आणि सहीऐवजी अंगठा देणाऱ्या माणसाचे काय? तुटलेल्या धाग्याला गाठ मारणे हे हातांचे कौशल्य आहे. ते पुष्कळ दिवस टिकते, म्हणून घरच्यांना सारे ठीक वाटते. अशा वेळी लक्ष ठेवायचे ते इतर गोष्टींवर: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पगाराचा हिशेब चुकणे, साप्ताहिक सुट्टीचा वार न आठवणे, रोजच्या वाटेवर भांबावणे. स्मृतीची नेहमीची तीस गुणांची चाचणी १९७५ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तीत शंभरातून सात-सात वजा करायचे आणि वाक्य लिहायचे असते. निरक्षर माणूस त्यात निरोगी असूनही नापास होईल. म्हणून हरियाणातील बल्लभगडच्या ग्रामीण भागासाठी संशोधकांनी तिचे हिंदी रूप बेतले आणि ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. मोजपट्टी माणसाला साजेशी हवी, हा विज्ञानाचा मोठाच धडा आहे.

उपचारांबाबत खोटी आशा नको. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये या विकाराचे वर्णन केले. तो समूळ बरा करणारे औषध अजूनही नाही. डोनेपेझिलसारखी औषधे काही काळ थोडा आधार देतात. लेकानेमॅब या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ते सुरुवातीच्या अवस्थेत ऱ्हासाचा वेग काहीसा कमी करते, पण मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार तपासण्या कराव्या लागतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यांतील बहुतेकांचा खरा आधार घरातली चन्नम्माच आहे. तिला विश्रांती कोण देणार, हाही प्रश्न वर्गात निघायला हवा.

वरच्या वर्गांना हा चित्रपट जरूर दाखवावा. त्यानंतर फळ्यावर एक यादी मात्र लिहावी. थोड्या दिवसांत वा आठवड्यांत आलेला गोंधळ, सकाळी वाढणारी डोकेदुखी आणि उलटी, एका बाजूचा अशक्तपणा, प्रौढ वयात पहिल्यांदाच आलेली फिट, बदललेली चाल आणि लघवीवरचा सुटलेला ताबा. यांपैकी काहीही दिसले तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. एकाएकी तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हातातले बळ गेले, तर तो पक्षाघात असू शकतो आणि तेव्हा मिनिटे मोलाची असतात. सावकाश वाढणाऱ्या विस्मरणासाठीही रक्ततपासणी आणि मेंदूचे चित्र यांविषयी डॉक्टरांना विचारावे. आजीआजोबांचे बदललेले वागणे पुष्कळदा घरातली मुलेच आधी टिपतात. त्यांनी ते मोठ्यांच्या कानावर घातले, तर एखाद्या घरात आजार वेळेत सापडेल.

‘अस्तु’ हा शब्द सुंदर आहे. मात्र तो तपासणीनंतर उच्चारावा.