‘चक दे! इंडिया’ : कबीर खानचे घर

शिमित अमीन यांचा ‘चक दे! इंडिया’ २००७ साली आला तेव्हा आमच्या मोहल्ल्यातील पोरे तो दोन-दोनदा पाहून आली. त्यांचा आनंद समजण्यासारखा होता. पडद्यावरचा हा खान नवाब नव्हता, शायर नव्हता, तस्कर नव्हता आणि बॉम्ब ठेवणाराही नव्हता. तो हॉकीचा प्रशिक्षक होता. कडक, अबोल, कामात बुडालेला. एवढ्यानेही आपण सुखावतो, इतकी आपली भूक जुनी आहे!

पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात कबीर खानचा पेनल्टी स्ट्रोक हुकतो. सामन्यानंतर तो प्रतिस्पर्धी कर्णधाराशी हस्तांदोलन करतो आणि त्याचे छायाचित्रच पुरावा ठरते. घराच्या भिंतीवर ‘गद्दार’ लिहिले जाते. आईला घेऊन तो वाडवडिलांचे घर सोडतो.

या कथेचा संबंध गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्याशी जोडला जातो. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरवले आणि नेगींवर सामना विकल्याचा संशय घेतला गेला. नेगी हिंदू. पटकथाकार जयदीप साहनी यांनी नायक मुसलमान केला, हे मला योग्यच वाटते. नेगींवर आरोप पैसे खाल्ल्याचा होता; कबीरच्या बाबतीत त्याचे नावच आरोपपत्र होते.

संघातील मुलींकडे मात्र चित्रपट मोकळेपणाने पाहतो. मणिपूरची मॉली आणि मिझोरमची मेरी यांना आपल्याच देशात ‘पाहुण्या’ म्हटले जाते. आंध्रच्या नेत्राला तमिळ आणि तेलुगूतला फरक विचारला जातो, झारखंडच्या राणी आणि सोयमोई भाषेवाचून अडतात. यातील प्रत्येकीच्या अपमानाला इथे शब्द मिळतो. मग ओळख करून देण्याचा तो गाजलेला प्रसंग येतो. जी आपल्या राज्याचे नाव घेते तिला कबीर बाजूला काढतो. विद्या शर्मा ‘इंडिया’ म्हणते, ती राहते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पण ज्याला ‘इंडिया’ म्हणणे कधी पुरले नाही, तोच माणूस हा धडा देतो आहे, हे चित्रपटाच्या तरी लक्षात आले आहे का? मला शंका आहे.

याच संघात गुल इक्बाल आहे. किती जणांना ती आठवते? मॉली-मेरीला मिळाला तसा प्रसंग तिला मिळत नाही. ती आणि कबीर मैदानाच्या कडेला दोन मिनिटे बोलले असते, तर काय बोलले असते, हे ऐकायला मी तिकिटाचे पैसे पुन्हा मोजले असते. बहुधा म्हणूनच ते बोलत नाहीत. कबीरचे दुःख एकट्याचे राहिले की प्रेक्षकाला ते सोसवते. तेच दुःख दुसऱ्या कुणाचेही आहे असे दिसले, तर प्रश्न समाजाचा होतो.

शेवटी विश्वचषक जिंकून कबीर आईसह त्याच घरी परततो. दृश्य हृद्य आहे, माझेही डोळे भरले. पण ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो शेवटचा स्ट्रोक विद्याने अडवला नसता तर? घर त्याचे स्वतःचे होते, तरी किल्ली एका गोलरक्षक मुलीच्या हाती होती.

आमच्या शेजारचे निवृत्त चाचा भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दिवशी खिडकी उघडून टीव्हीचा आवाज मोठा करतात. भारताची विकेट पडली की ‘अरेरे’ही जरा जोरातच म्हणतात. त्यांना क्रिकेटमधले फारसे कळत नाही.